डबा मुका का होतो? सब-वूफरला स्पीकर वायर जोडण्याविषयी, सोप्या भाषेत

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली ती भाच्याच्या गाडीतून. अमळनेरला आमच्या दारात गाडी थांबली तेव्हा गाणं सुरू होतं, पण त्यात बेस नव्हता. आठच दिवसांपूर्वी भाच्याने डिकीत बारा इंची सब-वूफरचा डबा आणि अॅम्प बसवून घेतला होता. "मामा, हाऊ डबा मुका व्हई गया," गाडीतून उतरता उतरताच त्याने सांगितलं. रावेरहून निघाला तेव्हा दणदणीत वाजत होता, चोपडा येईपर्यंत अधूनमधून तुटायला लागला आणि पुढे गप्पच झाला. अॅम्प जळाला, असं त्याने धरूनच ठेवलं होतं.

डिकी उघडली. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. डब्याच्या मागे प्लास्टिकची एक वाटी बसवलेली असते, तिच्यात लाल आणि काळी अशा दोन चिमट्या होत्या. लाल चिमटीतली वायर दोन बोटांनी जरा ओढली तर हातातच आली. टोक बघितलं. चिमटीच्या दाताची खूण वायरच्या प्लास्टिकवर उमटलेली होती, तांब्यावर नाही. तांब्याच्या तीन-चार तारा तेवढ्या धातूला टेकलेल्या होत्या, त्याही काळ्या पडलेल्या. शेजारचं प्लास्टिक मऊ होऊन तपकिरी झालं होतं. ते टोक कापलं, नव्याने सोललं, तारांना पीळ दिला आणि चिमटीत नीट बसवलं. डबा बोलायला लागला. अॅम्पला काहीही झालेलं नव्हतं.

त्या दिवसापासून ओळखीचे पाच-सहा जण हाच प्रश्न घेऊन आले. कुणी वायर जाड आणली पण भोकात जाईना, कुणाच्या डब्याला मागे दोनाऐवजी चार टोकं, कुणाला दुकानात "दोन ओमला लाव" म्हणून सांगितलं आणि ओम म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नाही. डब्यावर लोक दहा-पंधरा हजार घालतात आणि सगळा खेळ बिघडतो तो शेवटच्या अर्ध्या इंचात, वायर डब्याला भेटते तिथे. म्हणून हा लेख.

## आधी कोण काय करतं ते बघू

आपल्या भागात सगळ्यालाच 'बूफर' म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. सब-वूफर म्हणजे फक्त खालचा, जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर. साधारण २० ते १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला वीस ते शंभर वेळा थरथरणारा आवाज. काठीच्या होळीला ढोल वाजतो तेव्हा तो कानाआधी छातीत जाणवतो, तोच हा आवाज. एवढी हवा हलवायची तर पडदा मोठा लागतो, तो जोरात पुढे-मागे जावा लागतो आणि त्याला करंटही भरपूर लागतो. दाराच्या छोट्या स्पीकरला जी वायर आणि जो सांधा खपून जातो, तो इथे खपत नाही.

अॅम्प म्हणजे गाण्याचा अशक्त सिग्नल घेऊन बॅटरीच्या जोरावर त्याला ताकद देणारी पेटी. अॅम्पपासून डब्यापर्यंत ती ताकद नेणाऱ्या दोन तारा म्हणजे स्पीकर वायर.

शेताचं उदाहरण घेऊ. बॅटरी ही विहीर, अॅम्प ही मोटर, वायर हा पाइप आणि डबा म्हणजे ज्याला पाणी द्यायचं ते पीक. विहिरीला पाणी आहे, मोटर चांगली आहे, पाइपही नवा आहे, पण कपलिंग सैल असेल तर पाणी बांधावरच सांडतं. डब्याच्या मागची चिमटी म्हणजे ते कपलिंग. तिथे सांडते ती वीज आणि ती उष्णता होऊन सांडते. सैल सांध्याचा अडथळा अर्धा ओम धरला आणि त्यातून १० अँपिअर करंट गेला, तर त्या एवढ्याशा जागी ५० वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची साधी आयर्न २५ वॉटची असते. गाणं काही सतत पूर्ण जोरात वाजत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात उष्णता कमी होते. तरी भाच्याच्या वाटीतलं प्लास्टिक का वितळलं हे यावरून कळावं.

## डब्याच्या मागे काय आहे?

वायर विकत घेण्याआधी डबा फिरवून बघा. जोडायची पद्धत त्यावरूनच ठरते.

सगळ्यात जास्त दिसते ती स्प्रिंगची चिमटी. लाल-काळी खिट्टी दाबली की भोक उघडतं, वायर आत सारायची, खिट्टी सोडली की स्प्रिंग वायरला धरते. इथे सगळं अवलंबून असतं ते किती सोललं यावर. साधारण १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाच्या लांबीपेक्षा थोडं जास्त. कमी सोललं तर चिमटी प्लास्टिकला धरते, भाच्याचं झालं तसं. जास्त सोललं तर उघडं तांबं बाहेर लोंबतं आणि गाडी खड्ड्यात आदळली की शेजारच्या तारेला टेकतं. सोलताना दाताने ओढू नका, ब्लेडने गोल फिरवून कापू नका. निम्म्या तारा तिथेच तुटतात. वायर स्ट्रिपर स्वस्तात मिळतो, तो घ्या. सोलल्यावर तारांना एकाच दिशेने घट्ट पीळ द्या, एकही तार बाहेर फिस्कारलेली नको. आत सारल्यावर खिट्टी सोडा आणि वायर हलक्या हाताने ओढून बघा. आली तर बसलेली नव्हती.

जाड वायर या भोकात जात नाही, ही नेहमीची अडचण. मग लोक काय करतात, तर निम्म्या तारा छाटून उरलेल्या आत घालतात. तीन इंची पाइपला शेवटच्या बोटभर जागेत अर्धा इंची नळी लावावी तसंच हे. त्यापेक्षा इलेक्ट्रिकच्या दुकानात पिनवालं थिंबल मागा. थिंबलच्या मागच्या नळीत सगळ्या तारा घालायच्या, क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबायच्या, की पुढची सडपातळ पिन चिमटीत सहज जाते. थिंबल वायरच्या मापाचंच घ्या. साध्या पक्कडीने चेपलेलं थिंबल बाहेरून घट्ट वाटतं आणि आतून पोकळ राहतं.

दुसरा प्रकार बाइंडिंग पोस्टचा. धातूचा खांब आणि त्यावर फिरणारी लाल-काळी टोपी. टोपी सैल केली की खांबात आडवं भोक दिसतं. त्यातून पीळ दिलेली वायर आरपार घालायची आणि टोपी हाताने घट्ट आवळायची. माझ्या मते गाडीसाठी हाच सगळ्यात भरवशाचा प्रकार, कारण वायर स्क्रूच्या दाबाखाली येते आणि जाड वायरही मावते. कुठे भोक नसून नुसताच स्क्रू असेल तर तार घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. म्हणजे स्क्रू आवळताना तार आत ओढली जाते. उलटी गुंडाळली तर ती बाहेर ढकलली जाते.

याच पोस्टच्या टोकाला बऱ्याचदा एक सरळ भोक असतं. ते ४ मिलिमीटरच्या बनाना प्लगसाठी. केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाला हे नाव लगेच लक्षात राहतं. प्लगच्या मधोमध फुगीर पट्ट्या असतात, त्या भोकात दाबून बसतात. डबा वारंवार काढावा लागत असेल, कधी सामान भरायला तर कधी कापसाची पोती टाकायला, तर हे सोयीचं. पण डिकीत सामान घसरलं की प्लग निघू शकतो, म्हणून वायर डब्याला क्लिपने अडकवून ठेवा आणि सांध्याजवळ थोडी सैल सोडा.

डीजेवाल्यांच्या डब्यांना असतो तो फिरवून लॉक होणारा गोल कनेक्टर, स्पीकॉन, काही गाड्यांच्या डब्यांनाही दिसतो. आतल्या भोकांवर १+ आणि १- असं कोरलेलं असतं. वायर तिथेच लावायची.

आणि काही डब्यांना मागे काहीच नसतं. सुताराकडून बनवून घेतलेल्या डब्यात फक्त एक भोक पाडलेलं असतं, त्यातून वायर आत नेऊन थेट स्पीकरच्या पत्तीला लावायची. पत्ती असेल तर पत्तीवर सरकणारं थिंबल लावा, नुसती वायर गुंडाळून टेप मारू नका. उन्हाने टेपचा डिंक सुटतो आणि महिनाभरात टेप घसरते. भोकाच्या आतल्या बाजूला वायरला गाठ मारा, म्हणजे बाहेरून ओढ बसली तरी पत्तीवर ताण येणार नाही. मग ते भोक सिलिकॉनने पूर्ण बुजवा. हे लोक विसरतात. बंद डब्यात हवा कोंडलेली असणं हा आवाजाचाच भाग आहे. बारीकशा भोकातून हवा फुसफुसली तरी बेस पोकळ होतो आणि शिट्टीसारखा आवाज येतो.

## उलटी लागली तर जळेल का?

नाही. स्पीकर जळत नाही, वाजतोही. पण प्लस आणि मायनस हे ठरवतात की पडदा आधी बाहेर येणार की आत जाणार. दोन माणसं एकच दांडा ओढताहेत, एक पुढे आणि एक मागे, तर दांडा जागचा हलत नाही. एका डब्यात दोन सब-वूफर असले आणि त्यातला एक उलटा लागला, तर एक हवा ढकलतो आणि दुसरा ओढतो. बेस जवळजवळ नाहीसा होतो. माणूस आवाज वाढवत जातो, अॅम्प तापत जातो, पण हाती काही लागत नाही. एकच सब-वूफर असेल तर फरक कमी कळतो. तरी दाराच्या स्पीकरशी त्याचं जमलं नाही तर बसल्या जागेवर बेस फिका वाटतो.

वायरवर खूण कोणती? बहुतेक स्पीकर वायरच्या दोन अंगांपैकी एकावर रेघ, अक्षरं किंवा वेगळा रंग असतो. रेघ प्लसला धरायची की मायनसला, हा वाद घालत बसू नका. एक काही ठरवा आणि दोन्ही टोकांना तेच पाळा.

स्पीकरवरची खूण पुसलेली असेल तर भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. डब्याची वायर अॅम्पपासून सोडवा आणि तिची दोन टोकं सेलला क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला टेकलेली वायर स्पीकरची प्लस. आत गेला तर उलट. एवढ्याशा सेलने स्पीकरला काही होत नाही, पण टेकवून धरून ठेवू नका.

एक जुनी सवय मात्र घातक आहे. जुन्या गाड्यांच्या रेडिओत स्पीकरची एक वायर बॉडीच्या पत्र्याला द्यायची पद्धत होती. आजही काही ठिकाणी "मायनसच आहे ना, दे पत्र्याला" असं म्हणतात. ब्रिज केलेल्या, म्हणजे आतले दोन चॅनल (ताकद बाहेर देणारे दोन मार्ग) एकाच डब्याला जोडलेल्या अॅम्पच्या दोन्ही तारांवर ताकद असते, त्यातली कोणतीही पत्र्याला टेकली तर अॅम्प बंद पडतो किंवा कायमचा जातो. डब्याच्या दोन्ही तारा अॅम्पवरच परत आल्या पाहिजेत.

## ओम: ज्याने अॅम्प मरतात

स्पीकर करंटला किती अडवतो याचं माप म्हणजे ओम. ओम कमी म्हणजे अडथळा कमी आणि करंट जास्त. डब्यावर ४ ओम, २ ओम असं लिहिलेलं असतं. प्रत्येक अॅम्पलाही एक खालची हद्द असते आणि ती त्याच्या पुस्तिकेत दिलेली असते: यापेक्षा कमी ओम लावू नका.

पुन्हा शेतात जाऊ. मोटर एक, ठिबकला पाणी देताना एक व्हॉल्व्ह उघडला आहे. आता दुसराही उघडला. पाणी जास्त सुटतं आणि मोटर जास्त अँपिअर खेचते. स्टार्टरच्या पेटीवरचा काटा बघणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पाइप तोंडाशीच फुटला की मोटर हलकी होत नाही, उलट जास्त भार घेते आणि जळते. अॅम्पचंही असंच. त्याच्यापुढचा अडथळा जितका कमी, तितका तो जास्त करंट देत सुटतो. हद्द ओलांडली की तापतो, लाल दिवा लावून बंद पडतो, किंवा आतले भाग उडतात.

आता दोन स्पीकर जोडायच्या दोन तऱ्हा. पहिलीत दोघांच्या प्लसला प्लस, मायनसला मायनस. हे पॅरलल, म्हणजे शेजारी शेजारी दोन व्हॉल्व्ह. ४ ओमचे दोन असे जोडले की अॅम्पला २ ओम दिसतात. दुसरीत अॅम्पची प्लस पहिल्याच्या प्लसला, पहिल्याची मायनस दुसऱ्याच्या प्लसला आणि दुसऱ्याची मायनस परत अॅम्पला. हे सिरीज, एकाच पाइपवर एकापुढे एक दोन व्हॉल्व्ह. इथे अडथळा बेरजेने वाढतो, ४ आणि ४ मिळून ८ ओम.

डब्याला मागे चार टोकं दिसली की घाबरू नका. त्यातल्या सब-वूफरला एकाऐवजी तारेच्या दोन गुंडाळ्या असतात, म्हणून प्रत्येकीची दोन अशी चार टोकं. स्पीकर एकच असला तरी जोडताना तो दोन स्पीकरसारखा समजायचा. ४ ओमच्या दोन गुंडाळ्या पॅरलल केल्या तर २ ओम, सिरीज केल्या तर ८. गुंडाळ्या २ ओमच्या असतील तर पॅरलल १ ओम आणि सिरीज ४. असे ४-४ वाले दोन स्पीकर आणले आणि सगळंच पॅरलल लावलं तर १ ओम होतो, तो पुष्कळ अॅम्पना झेपत नाही. तेच दोन्ही स्पीकर आधी आपापल्या गुंडाळ्या सिरीज करून मग एकमेकांशी पॅरलल केले तर ४ ओम येतात. आणि दोनपैकी एकच गुंडाळी जोडून दुसरी मोकळी सोडू नका. वाजेल, पण सगळा भार एकीवर येईल.

दुकानात "कमी ओमला लावलं की वॉट वाढतात" असं सांगतात. ते खरं आहे. अर्धंच खरं आहे. अॅम्प तेवढा करंट द्यायला बनवलेला असेल तरच वॉट वाढतात, नाहीतर उष्णता वाढते. दोन चॅनल ब्रिज करून, म्हणजे दोघांना एकाच डब्यामागे जुंपून वाजवत असाल तर आणखी सांभाळून. ४ ओमचा डबा ब्रिजवर लावला की प्रत्येक चॅनलला तो २ ओमसारखा जड लागतो. म्हणून बऱ्याच अॅम्पवर ब्रिजसाठी कमीत कमी ४ ओम लिहिलेलं असतं.

जोडणी झाल्यावर आणि अॅम्पला लावण्याआधी मल्टिमीटरने ओम मोजून घ्या. ४ ओमच्या जोडणीला मीटर साडेतीनच्या आसपास दाखवतो. ते बरोबर आहे, कारण मीटर फक्त तारेचा अडथळा मोजतो. शून्याजवळ दाखवलं तर कुठेतरी दोन तारा टेकल्या आहेत. काहीच दाखवलं नाही तर सांधा सुटलेला आहे किंवा गुंडाळी तुटली आहे. अडीच-तीनशे रुपयांचा मीटर काही हजारांचा अॅम्प वाचवतो.

## वायर किती जाड घ्यायची?

यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त. बाजारात दोन मापं चालतात. गेजमध्ये आकडा लहान तितकी वायर जाड, म्हणजे १२ गेज ही १६ गेजपेक्षा जाड. आपल्याकडच्या चौरस मिलिमीटरमध्ये सरळ हिशोब, आकडा मोठा तर वायर जाड. १६ गेज म्हणजे सुमारे १.३ चौरस मिलिमीटर, १४ म्हणजे सुमारे २.१ आणि १२ म्हणजे ३.३.

अॅम्प सीटखाली आहे आणि वायर वळसे घेत पाच मीटर जाते असं धरू. जायची आणि यायची मिळून दहा मीटर तांबं. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा स्वतःचा अडथळा सुमारे पाव ओम होतो. ४ ओमच्या डब्यासाठी साधारण ६ टक्के ताकद वायरमध्येच जिरते, २ ओमला ११ टक्के आणि १ ओमला २० टक्के. वायर अडीचची घेतली की ४ ओमला हेच नुकसान २ टक्क्यांच्या आत येतं. पाइपचा घेर आणि अंतर, आपल्याला हे नवीन नाही.

पण बहुतेक गाड्यांत अॅम्प डब्याला खेटूनच असतो आणि वायर जेमतेम एक मीटर लागते. मग ०.७५ ची वायरसुद्धा ४ ओमला टक्काभरच खाते. म्हणून माझं सांगणं असं: अडीच चौरस मिलिमीटर घ्या, कारण ती मजबूत असते, थिंबलमध्ये नीट बसते आणि महागही नाही. सहाच्या मागे लागू नका. तिथे वाचवलेले पैसे थिंबल आणि मीटरवर घाला.

जाडीपेक्षा वायर कशाची आहे हे बघा. स्वस्त वायरमध्ये आतून अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो. दिसायला तीच लाल, पण अडथळा दीडपटीच्या आसपास, आणि तार दोन-तीनदा वाकवली की तुटते. एक तार वेगळी काढून ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर अॅल्युमिनियम. काही चांगल्या वायरवर कथिलाचा मुलामा असतो, ती बाहेरून चंदेरी आणि आतून लाल निघते. तिला हरकत नाही.

आपल्या भागात उष्णतेचाही हिशोब धरा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसला टेकतो, बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. साधं पीव्हीसी प्लास्टिक ७० अंशांपर्यंतचं असतं. त्यात सांधाही तापला तर प्लास्टिकला वाव उरत नाही. तांब्याचा अडथळाही वीस अंशांवरून साठवर गेला की सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो.

## "मोटरची केबल उरलीय, ती चालेल का?"

हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला, आणि प्रश्न रास्त आहे. सबमर्सिबलची चपटी तीन तारांची केबल घरोघरी मीटर-दोन मीटर पडलेली असते. ती तांब्याची, अडीचची असेल तर विजेच्या दृष्टीने चालते. लाल, पिवळी, निळी यांतल्या दोन वापरा, तिसरी दोन्ही टोकांना आखूड कापून टेपने बंद करा. अडचण एवढीच की ती ताठ असते. डब्याच्या थरथरीने ती चिमटीला सतत हिसके देते. त्यामुळे बाइंडिंग पोस्ट असेल तरच वापरा आणि डब्याला क्लिपने बांधा. जमिनीत वर्षभर पडून टोक हिरवं पडलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापून टाका. घरातल्या फिटिंगची तांब्याची वायरही याच अटीवर चालते.

## "सोल्डरच मारून टाकतो, कायमची कटकट जाईल"

स्पीकरच्या पत्तीला सोल्डर चालतं, चांगलं होतं. पण चिमटीत किंवा स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर पाजू नका. सोल्डर मऊ धातू आहे. सतत दाबाखाली आणि उन्हात तो हळूहळू चेपत जातो. आज घट्ट आवळलेला स्क्रू दोन महिन्यांनी सैल लागतो. शिवाय सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. पीळ दिलेलं उघडं तांबं किंवा नीट दाबलेलं थिंबल, या दोन्ही गोष्टी इथे सोल्डरपेक्षा बऱ्या.

## अॅम्प डब्यातच असेल तर

बेसट्यूब, म्हणजे नळीच्या आकाराचे डबे, आणि सीटखालचे चपटे डबे बरेचदा असे असतात. अॅम्प आणि स्पीकरची जोडणी आतच झालेली असते. बाहेर येतात त्या बॅटरीची जाड वायर, पत्र्याची वायर, चालू-बंद करणारी बारीक वायर आणि गाण्याचा सिग्नल. अशा डब्याला दुसऱ्या अॅम्पची स्पीकर वायर लावू नका. गाडीच्या टेपला सिग्नलची गोल भोकं नसतील तर दाराच्या स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घेता येतो, पण तो 'हाय लेव्हल' लिहिलेल्या जागीच.

अॅम्प कुठेही असो, बॅटरीवरून येणाऱ्या जाड वायरला बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. ही वायर पत्र्याच्या भोकातून जाताना घासली आणि फ्यूज नसेल तर गाडी पेट घेऊ शकते. कामाला हात घालण्याआधी बॅटरीचं मायनस टोक काढून ठेवा. सिग्नलची वायर या जाड वायरच्या विरुद्ध बाजूने न्या, नाहीतर इंजिनाची घरघर गाण्यात येते.

## डब्यावर १२०० वॉट लिहिलंय, मग?

तो आकडा क्षणभराच्या कमाल धक्क्याचा. सतत झेपणारी ताकद 'आरएमएस' या नावाने बारीक अक्षरात लिहिलेली असते आणि ती बरीच कमी असते. अॅम्प निवडताना तीच जुळवा.

आणि वॉट कितीही असोत, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम गाडीलाही लागू होतात. वस्तीसाठी मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. रात्री १० नंतर गल्लीतून काचा उघड्या ठेवून डबा वाजवत जाणाऱ्यांमुळे तान्ही मुलं आणि आजारी माणसं दचकून उठतात. डबा बसवणाऱ्या प्रत्येकाने हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

## जोडून झाल्यावर

पहिल्यांदा आवाज अगदी कमी ठेवून वाजवा. मग हळूहळू वाढवा. अर्धा तास वाजल्यावर गाडी थांबवून, आवाज बंद करून सांध्याला बोट लावा. सांधा बाकीच्या वायरइतकाच गरम असला पाहिजे. तो वायरपेक्षा जास्त तापला असेल तर सोडवा, कापा आणि पुन्हा करा. पंधरा-वीस दिवसांनी बाइंडिंग पोस्टच्या टोप्या एकदा आवळून बघा. नवीन आवळलेलं तांबं थरथरीने थोडं बसतं आणि टोपी पाव फेरा फिरते. त्यानंतर पोळ्याला एकदा आणि दिवाळीला एकदा पुरे.

भाच्याच्या डब्याची जळकी वाटी मी नंतर काढून टाकली आणि तिथे बाइंडिंग पोस्टची प्लेट बसवली, कडेने सिलिकॉन भरून. बहिणीला घेऊन तो परत निघाला तेव्हा त्याला सांगून ठेवलं होतं की चोपड्याला चहाला थांबशील तेव्हा डिकी उघड. त्याचा फोन आला तो तिथूनच. मागे गाड्यांचा आवाज होता, डबा बंद होता.

"हात लावी पाह्यना, मामा. वायरइतलाच शे. जास्ती तपेल नही."